डाव्या चाकाचे नट

भूपेंद्र गादेवारला राग यायला फारसं कारण लागत नाही. चहा कोमट आला, गिऱ्हाइकानं सहा साड्या उलगडून "पाहून येतो" म्हटलं, मोबाइलची रेंज गेली, एवढं पुरतं. रोहणा गावात त्याच्या कापडाच्या दुकानासमोरून जाणारे लोक आधी त्याच्या कपाळाकडे पाहतात आणि मग रामराम घालायचा की नाही ते ठरवतात. हे रोजचे राग संध्याकाळपर्यंत विझून जायचे. एक मात्र तेहतीस वर्षं जुना होता, आणि तो त्यानं नीट जपला होता. त्याच रागाच्या भरात पन्नाशीच्या या कापडवाल्यानं घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये स्वतःच्या हातानं एक आख्खी जीप उभी केली.

जीप म्हणजे आजकाल शहरातले हौशी लोक शोरूममधून आणतात, एसी लावून डोंगरावर नेतात आणि टायरला चिखल लागला की फोटो काढतात, तसलं खेळणं नव्हे. जुनी, लष्करी घडणीची, दारं नसलेली, समोरची काच बॉनेटवर आडवी पडणारी जीप. तशीच एक बापूजींकडे होती. बापूजी म्हणजे भूपेंद्रचे वडील. पुलगावच्या लष्करी डेपोच्या लिलावात त्यांनी ती तरुणपणी घेतली आणि पंधरा-सोळा वर्षं तिच्यात कापडाचे गठ्ठे भरून गावोगावचे बाजार केले. भूपेंद्र दहा वर्षांचा असल्यापासून त्या जीपखाली लोळायचा. चौदाव्या वर्षी तो नुसत्या आवाजावरून सांगायचा, कुठला प्लग मिसफायर होतो ते. एका बाबतीत मात्र बापूजींनी त्याला कधी हात लावू दिला नाही. चाकं. चाक निसटलं तर माणसं मरतात, म्हणून चाक खोलणं आणि बसवणं हे बापूजींचं काम. धोतर खोचून ते स्वतः बसायचे आणि पोरानं चार हात लांब उभं राहायचं.

आणि एक नियम होता, हातांचा. गादीवर चढायच्या आधी हात दाखवायचे, दोन्ही बाजूंनी. कापडाच्या दुकानात हा नियम कुणी नवा काढलेला नाही. पण गादेवारांच्या दुकानात तो जरा जास्तच कडक होता, कारण लग्नाच्या बस्त्यासाठी हे दुकान नावाजलेलं. दोन्हीकडची मंडळी बैठकीवर ऐसपैस बसली, चहा झाला, की बापूजी नवरीची पांढरी अष्टपुत्री, म्हणजे पुढे हळदीत रंगवून लग्नात नेसायचं लुगडं, मागवायचे, तिला हळदीकुंकू लावायचे, तिच्यावर हात ठेवायचे आणि मग बस्ता सुरू. दुकानातल्या सगळ्यात थोराचा हात पहिल्या कापडाला लागला पाहिजे, अशी तिथली रीत.

भूपेंद्र सतरा वर्षांचा असताना असाच एक मोठा बस्ता बसला होता. बापूजींनी आतून हाक मारली, "अष्टपुत्री आण!" भूपेंद्र जीपखालून निघाला, चिंधीला हात पुसले आणि धावला. हात पुसले होते, धुतले नव्हते. पांढऱ्या कापडावर चार काळी बोटं उमटली. नवरीची आजी जी उठली ती बसलीच नाही. लग्नाच्या पहिल्या कापडाला काळं लागलं म्हटल्यावर दोन्हीकडची माणसं उठली आणि बस्ता गेला आर्वीला. बापूजी भर दुकानात ओरडले, "हात! हात पाहा आधी!" बाहेरच्या रस्त्यावरची माणसं थांबून पाहायला लागली.

एवढ्यावर थांबलं असतं तरी भूपेंद्रनं गिळलं असतं. पण आठव्या दिवशी तो बारावीचा शेवटचा पेपर देऊन घरी आला तर शेड रिकामी. मातीत चाकांच्या खुणा, बस्स. जीप विकून टाकली होती. वर्ध्याच्या आयटीआयचा मोटार मेकॅनिकचा फॉर्म त्यानं भरून कपाटावर ठेवला होता, तोही नव्हता. "चुलीत गेला," आई म्हणाली.

त्या दिवसापासून बापलेक एकमेकांशी बोलले नाहीत. एका घरात राहिले, एका गादीवर बसले, एका पंगतीत जेवले, पण बोलणं सगळं तिसऱ्याच्या मार्फत. आधी आई होती. आई गेल्यावर ते काम भूपेंद्रच्या बायकोकडे, रीताकडे आलं. "त्याले सांग, सुरतचा माल आला." "त्याईले सांग, मी पाहिला." दोघांत चार फूट अंतर, आणि मधे ही बाई पदराला हात पुसत उभी. लोकांना गंमत वाटायची. रीताला कशी वाटेल?

दोन वर्षांपूर्वी भूपेंद्रनं जीप बांधायला घेतली. चासी देवळीकडच्या एका वाडीत विहिरीजवळ पडली होती, कागदपत्रांसकट मिळाली. इंजिन, गिअरबॉक्स आणि चाकांसकट दोन्ही अॅक्सल नाचणगावच्या माणिककडून आणले. या माणिकचा धंदाच लष्कराच्या जुन्या गाड्यांचे सुटे भाग विकण्याचा. बाकी सगळं भूपेंद्रनं केलं. दुपारी दुकान दोन तास बंद असतं तेव्हा आणि आठवड्याच्या सुट्टीला. मोबाइलवर व्हिडिओ पाहायचा, व्हिडिओवाल्याला शिव्या द्यायच्या, पुन्हा पाहायचा. इंजिन तीनदा खोललं. वायरिंग एकदा पेटलं. पत्रा ठोकताना अंगठ्याचं नख गेलं. आणि रोज चार वाजता नळाखाली बसून डिझेलच्या बोळ्यानं, मग साबणचुरा आणि साखरेनं कोपरापर्यंत हात घासायचे, कारण गादीवर बसायचं होतं. ज्या नियमानं आयुष्याचं मातेरं केलं तो नियम हा माणूस इमानदारीनं पाळत होता, आणि पाळताना दात-ओठ खात होता.

कशासाठी एवढं? रीतानं एकदा विचारलं तेव्हा त्यानं सरळ सांगितलं.

"त्याईनं पाहाले पायजे. त्याईच्या डोळ्यांदेखत मी ते चालवत आणणार दुकानासमोर, अन् म्हणणार, पाहा बापूजी, काळ्या हातांनी केलं."

हे एक वाक्य त्यानं दोन वर्षं तोंडात धरून ठेवलं होतं. नट आवळताना म्हणायचा, रंग घासताना म्हणायचा.

मग आषाढात बापूजींना घेऊन रीता वर्ध्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली. काचबिंदू. एक डोळा गेलेलाच होता, दुसऱ्यात राहिलेली नजर दिवाळीपर्यंत टिकली तर टिकली, आणि गेलेली परत येत नाही, असं डॉक्टरनं सांगितलं. भूपेंद्रनं ते ऐकलं आणि तो उठला. शेडमध्ये गेला आणि त्या दिवशी त्यानं दुपारनंतर दुकान उघडलंच नाही. पोळ्याच्या दिवशी सगळं गाव बैल घेऊन तोरणाखाली उभं असतं, त्या दिवशी जीप बाहेर काढायची, त्यानं ठरवून टाकलं. बापूजी अजून तोरण ओळखतील, रंग ओळखतील. तेवढं पुरे.

पोळा चार दिवसांवर आला. जीप हिरवीगार रंगवून झाली होती, इंजिन सुरू होत होतं. ढकलून पाहिली तर पुढचं डावं चाक अडकत होतं. ब्रेक धरून बसला होता. म्हणजे चाक खोलणं आलं. आधी सराव म्हणून उजवं खोललं. पाचही नट लोण्यासारखे निघाले. मग डावं घेतलं.

पहिला नट हलेना. भूपेंद्रनं पान्याला लांब पाइप लावला. हलेना. तेल टाकलं, हातोडीनं ठोकलं. पाइपवर पाय देऊन उभा राहिला. नट किंचित सरकल्यासारखा वाटला, त्याला आनंद झाला, त्यानं आणखी जोर लावला आणि "टक्" झालं. नटासकट बोल्ट तुटून हातात आला.

शहाणा माणूस इथं थांबतो, पाणी पितो, विचार करतो. भूपेंद्रनं कुठल्या कोशात नसतील अशा शिव्या त्या चाकाला दिल्या आणि दुसरा नट घेतला. तोही तुटला. आता तर त्याला चाकाचा, जीपचा, इंजिनचा, स्वतःच्या हातांचा, सगळ्यांचाच संताप आला. तिसरा तुटला तेव्हा पान्याचा फटका गुडघ्यावर बसला, आणि तो तसाच मातीत बसला. मागच्या ओसरीत, वीस पावलांवर, बापूजी खुर्चीत बसले होते. त्यांचं तोंड शेडकडे होतं. भूपेंद्रला वाटलं, म्हातारा हसत असेल.

लंगडत तो मोटरसायकलवर बसला आणि तुटलेले बोल्ट खिशात घालून नाचणगाव गाठलं. माणिकनं बोल्ट हातात घेतले, उन्हात धरले आणि हसायला लागला.

"भूपेंद्रभाऊ, हे तुमी डावीकडं फिरवले का?"

"मंग कुठं फिरवू?"

"डाव्या बाजूच्या चाकाले उलटे आटे असतात या जीपचे. उजवीकडं फिरवलं की खुलते, डावीकडं फिरवलं की आवळते. तुमी आवळून आवळून तोडले न." त्यानं बोल्टाच्या टोकावरचा हिरवा रंग नखानं खरवडला. खाली बारीक 'एल' कोरलेला निघाला. "हे पाहा, लिहिलं आहे. रंग कोणं मारला यावर?"

रंग भूपेंद्रनंच मारला होता. दोन हात.

"तुमच्या बापूजीले विचारलं असतं," माणिक म्हणाला, "त्याईनं सोळा वर्षं चालवली. त्याईले झोपेत माहीत असंन."

उलट्या आट्याचे बोल्ट माणिककडे नव्हते. नागपूरला मिळतील, नाही तर जबलपूरहून मागवावे लागतील, दीड-दोन महिने धरून चाला, तो म्हणाला.

भूपेंद्र घरी आला तो सरळ स्वयंपाकघरात. रीता कणीक मळत होती.

"त्याईले विचार, डाव्या चाकाचं त्याईले माहीत होतं का नाई."

रीतानं कणकेचे हात परातीत तसेच ठेवले. "माहीत होतं. तुमी पहिला नट ठोकून राह्यले होते तवाच बोलले. रीता, त्याले सांग, उलटं फिरव."

"मंग सांगितलं काऊन नाई?"

"मी म्हटलं, बापूजी, तुमीच सांगा." आणि ही शांत बाई एकाएकी अशी तडकली की परात हलली. "पंचवीस वर्षं मी या घरात पोस्टमन आहे! आज सकाळी तुमी माह्यावर ओरडले चहावरून, ते ओरडले औषधावरून. दोघाईचा राग दोघाईवर, अन् खाते कोण? मी नाई सांगत म्हटलं. तुटू द्या म्हटलं काय तुटते ते!"

भूपेंद्र ओसरीत गेला. बापूजी तसेच बसले होते, शेडकडे तोंड करून. तेहतीस वर्षांत पहिल्यांदा तो त्यांच्या समोर उभा राहून त्यांच्याशी बोलला, आणि बोलला तो ओरडूनच.

"तुमाले माहीत होतं!"

बापूजींनी मान वर केली. "होतं."

"तिन्ही बोल्ट तुटेपर्यंत ऐकत बसले! तोंड उघडाले काय झालं होतं?"

"तू विचारलं का?" बापूजींचा आवाज म्हातारा झाला होता, पण धार तीच. "दोन वर्षं झाले. वीस पावलांवर बसून आहो मी. एक डाव तरी आला का विचाराले?"

"जीप विकली तवा तुमी मले विचारलं होतं? माहा फॉर्म जाळला तवा विचारलं होतं?"

बापूजींनी तोंड फिरवलं आणि आतल्या दिशेनं म्हणाले, "रीता, याले सांग, जेवून घे." रीतानं आतून ओ दिली नाही.

पोळा आला आणि गेला. गावात बैल सजले, ढोल वाजले, भूपेंद्र दुकानाचं शटर अर्धं ओढून आत बसून राहिला. बोल्टांची वाट पाहणं एवढंच हातात होतं. माणिकला तो रोज फोन करायचा आणि रोज भांडायचा. शेवटी माणिक फोन उचलेनासा झाला.

नवरात्रात एका संध्याकाळी रीतानं देवापुढं दिवा लावला आणि बापूजींना हात धरून आणून बसवलं. बापूजी थोडा वेळ हात जोडून बसले आणि म्हणाले, "आज दिवा लावला नाई का?"

दिवा त्यांच्यासमोर हातभरावर जळत होता. भूपेंद्र दारात उभा होता. रीतानं त्याच्याकडे पाहिलं, आणि तो वळून शेडमध्ये निघून गेला. जीप तीन चाकांवर आणि एका जॅकवर उभी होती. तिच्या बॉनेटवर त्यानं मूठ आपटली, पुन्हा आपटली, हात सुजेपर्यंत आपटली. त्याला बापूजींचा राग येत होता की त्यांच्या नजरेनं थांबायला हवं होतं. थोडे दिवस, फक्त थोडे दिवस. आणि त्याहून मोठा राग होता तो स्वतःचा. वीस पावलं चालून गेला असता तर पोळ्याला म्हाताऱ्यानं जीप पाहिली असती.

बोल्ट दिवाळीनंतर आले. भूपेंद्रनं ते बसवले आणि नट डावीकडं फिरवून आवळले. या वेळी टोकांना रंग लावला नाही, गंजू नयेत म्हणून नुसतं काळं ग्रीस चोपडलं. जीप तयार झाली. ती बाहेर काढायची इच्छाच मेली होती, म्हणून ती आठ-दहा दिवस तशीच शेडमध्ये राहिली.

तुळशीचं लग्न झालं आणि बस्ते सुरू झाले. पहिलाच बस्ता विरुळकडच्या एका घराचा, पंचवीस माणसं. त्यांच्या जेवणाची पंगत बसवायला जागा हवी म्हणून शेड मोकळी करावी लागली, आणि जीप काढण्यावाचून इलाज राहिला नाही. भूपेंद्रनं ती सुरू केली, बोळातून काढली आणि दुकानाच्या बाजूला आणून उभी केली. पाहुणे ओट्यावर येऊन पाहायला लागले. कुणी वा वा म्हटलं, कुणी फोटो काढला. ज्यानं पाहायचं होतं तो ओट्यावरच्या खुर्चीतून भिंत चाचपत उठत होता.

बापूजींना कुणी बोलावलं नव्हतं. ते आवाजाच्या अंदाजानं पायऱ्या उतरले. बॉनेटवर हात ठेवला. मडगार्डवरून हात फिरवत पुढे आले आणि गुडघे धरत धरत खाली बसले, डाव्या चाकापाशी, पूर्वी बसायचे तसे. पाचही नट एकेक करून चाचपले. प्रत्येक बोल्टाच्या टोकावरून नख फिरवून पाहिलं.

"डावीकडं आवळले ना?" त्यांनी विचारलं. मधे कुणी नव्हतं.

"हो," भूपेंद्र म्हणाला. दोन वर्षं धरून ठेवलेलं वाक्य त्याच्या तोंडाशी आलं होतं, पण त्याची सुरुवातच 'पाहा' अशी होती. ते त्याला म्हणता येईना, आणि त्याला स्वतःचीच चीड आली.

आतून पाहुण्यांची हाक आली. सगळे बसले होते, बस्ता सुरू करायचा होता. बापूजींनी ती हाक ऐकली आणि सवयीनं उठले. सवयीनंच पायऱ्या चढले आणि दाराचा पडदा सारायला हात पुढे केला. समोर गादीवर पांढरी अष्टपुत्री काढून ठेवलेली होती.

"हात! हात पाहा आधी!"

भूपेंद्र एवढ्या जोरानं ओरडला की आतली कुजबुज थांबली. तोच आवाज, तीच पट्टी, तेच शब्द. बापूजी पडद्याशी जागच्या जागी उभे राहिले. त्यांनी ग्रीसनं काळे झालेले दोन्ही तळवे पुढे केले, मग उलटे केले. दोन्ही बाजूंनी.

"तूच पाहा," ते म्हणाले. "मले कुठं दिसते."

भूपेंद्रला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. त्यानं बापूजींचं मनगट धरलं आणि त्यांना मागच्या नळावर नेलं. रोजच्या पाटावर बसवलं. डिझेलचा बोळा घेतला, मग साबणचुरा, मग साखर. त्या सुरकुतलेल्या बोटांना तो घासत होता, आणि घासताना जोर जास्त लागत होता, कारण राग अजून होता. तो तेहतीस वर्षांचा राग, एका नळाखाली वाहून जाणार थोडाच? बापूजींनी हात मागे घेतले नाहीत. कातडी लाल झाली तरी घेतले नाहीत.

"निघालं का?" त्यांनी विचारलं.

भूपेंद्रनं त्यांची बोटं उजेडात धरली. नखांच्या कडांना काळं तसंच होतं. डिझेलनं निघत नाही ते, आठ-आठ दिवस राहतं, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार.

"निघालं," तो म्हणाला.

त्यानं त्यांना गादीवर आणून बसवलं. हळदीकुंकवाचं ताट रीतानं पुढं केलं. भूपेंद्रनं बापूजींचा हात धरून तो अष्टपुत्रीच्या घडीवर ठेवला. पांढऱ्या कापडावर ती पाच नखं सगळ्यांना दिसत होती. नवरीच्या मामानं वाकून पाहिलं आणि काही बोलायला तोंड उघडलं. तेव्हा भूपेंद्रनं त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मामानं तोंड मिटलं, मांडी बदलली आणि शालूंचा भाव विचारला.